छगनच्या पत्र्यावरचे धोंडे

२१ मे

पुन्हा अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा! मोबाईलवर यलो अलर्ट — नगर जिल्ह्यात वादळी वारे. आणि शेजारचा छगन शेळ्यांच्या शेडवर धोंडे चढवतोय. पत्र्याला हुक मारायचे सोडून धोंडे! अख्खं गाव तेच करतं म्हणा. पण माझ्या भिंतीला खेटून याचंच शेड आहे.

मी खालून ओरडले. वरूनच म्हणतो, "बाई, समुद्र कुठं अन् कर्जत कुठं!"

निसर्ग वादळाच्या वेळीही हेच म्हणाला होता.

२२ मे

डोळ्याला डोळा नाही.

पाच वर्षं होतील. त्या दिवशी वारा सुटला, छगनचा पत्रा उडाला आणि त्यावरची जात्याची तळी, खालचा जड दगड, आमच्या ओसरीवर आली. माझे यजमान, आमोस मास्तर, खुर्चीत चहा पीत बसले होते. जागेवर गेले. त्याआधी फयान आलं तेव्हा याच धोंड्यांखाली माझ्या दोन कोंबड्या मेल्या होत्या. तेव्हाच शहाणपण यायला हवं होतं मेल्याला.

मातीला मात्र सगळ्यांच्या पुढे! खांदाही दिला. पण 'चुकलं' म्हणून शब्द नाही. "देवाची करणी," म्हणे. देवाने चढवली होती का ती तळी?

२३ मे

सरपंच आबासाहेबांकडे जाऊन आले. "बाई, शेजाऱ्याशी गोडीनं घ्या." गोडीनं! त्याचं तोंड बघवत नाही मला. पास्टर म्हणतात, सिल्व्हियाबाई, क्षमा करा. त्याने मागितली तर करीन ना!

घरी येऊन वर पाहिलं. धोंड्यांमध्ये तीच तळी. तीच!! हरामखोर.

२४ मे

छगन बाजारला गेला. मी शिडी लावली, पहार घेतली आणि एकेक धोंडा माझ्या बाजूला ओढून पाडला. तळी सगळ्यात शेवटी. गुडघे कामातून गेले, हात सोलले. सगळे लिंबाखाली पडलेत. आता चढव म्हणावं! इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आभाळ भरून आलंय.

२५ मे

काल छगन बाजारातून यायच्या आतच वारा आला. त्याची सून संस्कृती शेळ्या सोडायला धावली. पत्रा उडाला — माझ्याकडे नाही, त्यांच्याच अंगणात. तिच्या दंडावर. हात मोडला. टेम्पोत घालून नगरला नेली. मी भिंतीआडून बघत राहिले.

धोंडे असते तर पत्रा टिकला असता? निसर्गच्या वेळी धोंडे असूनही उडालाच होता. असं स्वतःला सांगतेय. पटत नाही.

२६ मे

पाऊस. जेवले नाही.

२७ मे

छगन आला. लिंबाखालचे धोंडे बघितले आणि उंबऱ्याबाहेरच हात जोडून उभा राहिला.

"बाई, दुसऱ्यांदा माझंच धोंडं तुमच्या अंगनात उडालं. मास्तर गेले तवाच माफी मागायला पायजे हुती. चुकलं माझं. तुमाला कुठं लागलं न्हाई ना?"

"नाही लागलं," म्हणाले मी.