सात जणींचं एकच चुकलेलं गणित

प्रिय आई,

इथे तैनान शहरात मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? हे पत्र बाबांना एवढ्यात दाखवू नकोस.

वसतिगृहात मी पहिल्या वर्षाच्या सात मुलींना संख्याशास्त्र शिकवते, हे तू गल्लीभर सांगतेस. पण एक गणित मलाच येत नव्हतं. सरांना विचारायची लाज वाटली, म्हणून काहीतरी ठोकून दिलं. परीक्षेत सातही जणींचं तेच चुकलं.

काल अभ्यासिकेत मी त्या मुलींपुढे सगळं कबूल केलं. मान वर करवत नव्हती. त्यांच्यातली ई-च्युन म्हणाली, "ताई, मी सरांकडून समजून घेतलंय. तू बस, मी सांगते."

मी त्यांच्यात बसले. तिने दोनदा सांगूनही मला कळलं नाही. आई, मी तिसऱ्यांदा विचारलं.

तुझीच,
श्याओ-चिंग