पदवी नियोजन कक्षाचा कच्चा आराखडा

५ जुलै १९९३, सोमवार
प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. कोणते पेपर घ्यायचे, राहिलेला पेपर कधी द्यायचा, हे विचारायला मुलं ऑफिसच्या खिडकीवर गर्दी करतात. त्यासाठी 'पदवी नियोजन कक्ष' काढायचा, कॉम्प्युटरसकट. कक्ष कसा चालेल याचा आराखडा मी करायचा. तेरा वर्षं डोंबिवलीत अर्थशास्त्र शिकवतोय, कोणी ओळखलं नव्हतं. पंधरा दिवसांत संपवतो. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

६ जुलै
सव्वासातला उठलो. नोटीस लावली: पदवीविषयी सर्व शंका यापुढे माझ्याकडे. खिडकीतले रघु कारकून खूश. आजवर ते दोन मिनिटांत तोंडी सांगून मोकळे व्हायचे. याला पद्धत म्हणत नाहीत.

९ जुलै
पहिली शंका. रंभा, कोपरच्या खाडीकडची कोळ्यांची मुलगी. तिसऱ्या वर्षाला आहे, दुसऱ्या वर्षाचा एक पेपर राहिलाय. सकाळी कॉलेज, दुपारी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात पॅकिंग. म्हणाली, सायबांनी कबूल केलंय, यंदा बीए झालीस तर वर ऑफिसात टेबल देतो. अभ्यासक्रम बदलतोय, तर राहिलेला पेपर ऑक्टोबरला जुन्यातून देऊ की पुढे नव्यातून, एवढंच सांगा सर.
प्रश्न उत्तम. म्हटलं, कक्ष सुरू झाला की लेखी उत्तर मिळेल. नियम ४: तोंडी सल्ला देऊ नये. हा नियम तिच्यामुळेच सुचला.

१६ जुलै
पंधरा दिवसांचा महिना केला. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला कुठे काढायच्या, यावर तीन पानं झाली. विश्राम शिपाई म्हणाला, सर, पोरं चपला हातात घेऊन आत जाणार, बाहेर ठेवल्या की जातात. त्याला म्हटलं, आराखड्यात चोऱ्या होत नसतात.

२० जुलै
रंभा परत. सर, मी काल पण आलेली, तुम्ही नव्हते. (होतो. स्टाफरूममध्ये डोळे मिटून विचार करत होतो.) रघुकडेही जाऊन आली. ते म्हणाले, नोटीस निघाल्यापासून आम्ही बोलत नाही. शिस्त रुजतेय.
पहाटे उठणे सोमवारपासून.

२ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
रंभाने डब्यातून नारळीभात आणला. घरी सण टाकून आलेली. भात चांगला होता. उत्तराचं विचारलं. थांब म्हटलं.
दुपारी पान चौदा लिहून काढलं. उदाहरणासाठी एक काल्पनिक विद्यार्थिनी घेतली, कु. अबक. तिचा एक पेपर राहिलेला. सल्ला: येती ऑक्टोबर परीक्षा ही जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची संधी. फॉर्म १० ऑगस्टपर्यंत भरावा. न भरल्यास पेपर थेट पुढल्या ऑक्टोबरला, म्हणजे वर्ष वाया. परिपत्रक काढून ताडून पाहिलं. इतकं नेमकं मी आजवर काही लिहिलेलं नाही.
बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अहो, मग त्या मुलीला सांगून टाका की. मंजुरीआधी एकीलाच सांगणं हा बाकीच्यांवर अन्याय आहे, हे तिला पटत नाही.

९ ऑगस्ट
प्राचार्य पुण्याला, मंजुरी लांबली. रंभा दाराशी. बाकीच्या ऑक्टोबरचा फॉर्म भरतायत सर, मी पण भरून टाकू का. म्हटलं, अंदाजाने काही करू नकोस, मी आहे ना. लगेच ऐकलं. शिक्षकावर विश्वास ठेवणारी मुलं हल्ली मिळत नाहीत.

११ ऑगस्ट
काल तारीख गेली. आराखड्यात कु. अबकचा फॉर्म वेळेत गेला आहे. डोकं जड. दुपारी झोपलो.

२४ ऑगस्ट
प्राचार्य आले. आराखडा न उघडता म्हणाले, स्वच्छ प्रत द्या. कॉम्प्युटर बंद आहे. रंभाचं अक्षर सुरेख, तिला विचारलं. आनंदाने हो म्हणाली. तिला वाटतंय, सर थांब म्हणाले म्हणजे पुढे काहीतरी मार्ग असणार. मलाही तसंच वाटू लागलंय.

२८ ऑगस्ट, शनिवार. दुपारी ४.१०
रंभा सकाळपासून स्टाफरूममध्ये प्रत करत होती. पान चौदावर थांबली. विचारलं, सर, हे कधी लिहिलं. पानाखाली तारीख होतीच, मी नेहमी घालतो. तिने वाचली. म्हणाली, म्हणजे त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं. मी नियम ४ समजावू लागलो. तिने पान पंधरा पुढे ओढलं.
बावीसच्या बावीस पानं पूर्ण केली. एक खाडाखोड नाही.
मग म्हणाली, माझं वर्ष का गेलं, ते आईला लिहून द्या सर. आईला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवीन, सोपं लिहा. एवढं बोलून समोरच्या खुर्चीत बसली. आजची पॅकिंगची पाळी बुडाली असणार.
मला वाईट वाटायला हवं. आतून काहीच हलत नाही. 'मनुबाई यांस नमस्कार' इथवर आलो आणि पुढे सुचेना, म्हणून ही वही काढली. रंभा समोर वाट बघते आहे. तिला वाटतंय, मी पत्र लिहितोय.