गाठीची तिसरी श्रेणी

३ मार्च

चि. मास्तर व चि. धाकटी यांस, अक्काचे अनेक आशीर्वाद.

बाबांनी जेवताना ज्यांचे परीक्षेतले गुण पाहुण्यांदेखत वाचून दाखवले, त्या आपणा तिघा भावंडांसाठी हे लिहिते. बाबा गेले, त्यांची खोड मात्र घर सोडायला तयार नाही. धाकटीने कळवलं, की मास्तरच्या गुदाशयातल्या गाठीला पाच आठवडे किरण दिले, मग औषधं झाली, नवा स्कॅन काढला. आणि अहवालात ‘तिसरी श्रेणी’ वाचून या शहाण्याने ऑपरेशनची तारीख परत केली. मास्तर, चौतीस वर्षं गणित शिकवलंस. ही श्रेणी कशाची, एवढं डॉक्टरांना विचारायला तुझं तोंड कुणी शिवलं होतं?

माझे गुडघे आहेत तसेच आहेत. सविस्तर उत्तर हवं. चार ओळींवर भागवू नकोस.

तुम्हा दोघांची,
अक्का

९ मार्च

ती. अक्कास, मास्तरचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कारखान्याचं फाटक आणि कामगार युनियन सुटली तरी तुझं भाषण सुटलं नाही, हे पाहून बरं वाटलं.

किरणांच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक बेकरीवाला बसायचा. आजार तोच, उपचार तेच. त्याला पहिली श्रेणी मिळाली. गाठ दिसतच नाही म्हणे, त्यामुळे तूर्त ऑपरेशनही नाही. मला तिसरी. आत्येभाऊ भेटायला आला आणि म्हणाला, की बेकरीवाल्याची इच्छाशक्ती दांडगी असणार, मीच कुठेतरी कमी पडलो. मी त्याला चहा दिला. मलाही तसंच वाटत होतं. तिसऱ्या श्रेणीच्या पोरांना मी काय सांगायचो? पुढे वेळ घालवू नका.

शिवाय ऑपरेशननंतर काही महिने शौचासाठी पोटावर पिशवी राहणार. संध्याकाळी अजून सहा मुलं शिकायला येतात. मी फळ्याकडे वळलो आणि पिशवीने आवाज केला, तर ती हसतील. हे धाकटीला बोललो नाही. पत्र फाडून टाक.

तुझा,
मास्तर

१४ मार्च

चि. मास्तर यास,

आशीर्वाद नेहमीचेच, आज ते तुला पेलतील का, शंका आहे.

पत्र फाडलं नाही. धाकटीला अहवाल घ्यायला लावला आणि दोघी तुझ्या सर्जनबाईंकडे गेलो. पिशवीबद्दल तू लिहिलेलं धाकटीला कळलेलं नाही. बाई म्हणाल्या, की श्रेणी माणसाला देत नाहीत, गाठीला देतात. ती किती आक्रसली आणि किती जागी नुसता व्रण उरला, एवढंच त्यातून कळतं. आधी तुझी गाठ जिथून कापायचं त्या कडेलाच चिकटली होती. तेव्हा काढली असती, तर थोडी आत राहिली असती. आता मध्ये चार मिलिमीटर जागा झाली आहे. पाच आठवडे तू त्या टेबलावर पडलास तो याच चार मिलिमीटरसाठी, आणि ती मिळाल्यावर नापास झालो म्हणून घरी येऊन बसलास. आमच्या युनियनच्या सभेत असा माणूस उभा राहिला असता, तर मी त्याला माईक दिला नसता.

कडा स्वच्छ ठेवून गाठ निघाली, तर तिसऱ्या श्रेणीचे लोकही पुढे वर्षानुवर्षं जगतात. खात्री बाई कुणाचीच देत नाहीत. पहिल्या श्रेणीवाल्यालाही दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून घ्यावी लागते, कारण न दिसणारी गाठ पुन्हा दिसू शकते. तुझा हेवा करण्यासारखं तिथेही काही नाही. आणि इच्छाशक्तीचं म्हणशील, तर आत्येभावाला दाढ काढताना दोघांनी धरून ठेवलं होतं. तो तुझा परीक्षक?

मुलं हसतील म्हणतोस. चौतीस वर्षांत तुझ्या वर्गात कुणी हसलं नाही. एकदा हसू देत. तू मेलास तर ती शिकायला दुसरीकडे जातील, एवढंच. मी कुठे जाऊ?

थांबलास आणि गाठ वाढली, तर ती चार मिलिमीटर जागा बुजेल. बाईंनी पुढच्या आठवड्यातली तारीख अडवून ठेवली आहे, पण गुरुवारी सकाळी दहापर्यंतच. रुग्णालयाचा दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडची खिडकी. तिथे तुझं संमतिपत्र आहे.

लोभ ठेव. नाही ठेवलास, तरी सही कर.

अक्का