कमळाकरचे गुडघे

३ मार्च, सोमवार. सकाळी ७
मनस्वीच्या हळदीला चोपन्न दिवस राहिले. हळद गव्हाणला, गावच्या घरासमोरच्या मांडवात. पहिल्या गाण्याला नवरीचा बाप नाचणार. लेकीला शब्द दिलाय. ती दुसरीत असताना दिला होता, पण शब्द तो शब्द. एका हळदीत मी बेंजोवाल्यांना दमवलं होतं, ते थांबले, मी थांबलो नाही. सगळ्या गव्हाणला माहीत आहे.
अडचण एकच, उजवा गुडघा. डॉक्टर म्हणतात झीज. एक्स-रे नीट निघालेला नाही असं माझं मत.
काल कमळाकर आला. माझा साडू, भामाच्या थोरल्या बहिणीचा नवरा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. पनवेलच्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. हा दहा किलो तांदूळ घेऊन दोन-दोन पायऱ्या गाळत वर आला. मागच्या दिवाळीच्या आधी हाच माणूस भिंत धरून बाथरूमला जात होता. मला आनंदच झाला. छातीत जळजळलं ते ॲसिडिटीमुळे.

त्याच दिवशी, दुपारी
लिहायचं राहिलं. कमळाकरला उपाय विचारला. म्हणाला, उपाय कसला, खुर्चीत बसायचं, पाय सरळ करायचा, दहापर्यंत मोजायचं, खाली. असं तीस वेळा. आणि रात्रीचा भात निम्मा. वर एक झेरॉक्स दिली. आठ व्यायाम, चित्रांसकट. बाजूला बायकी अक्षरात सूचना. त्याच्या बायकोचं, सुनीताचं अक्षर असणार.
मला दुधखुळा समजतो. पाय सरळ करून कोणी पायऱ्या गाळतं का? काहीतरी जालीम आहे आणि ते लपवतोय. जिताडा मासा खाडीत नक्की कुठे लागतो, हेही याने तीस वर्षांत सांगितलेलं नाही.
झेरॉक्सचा कागद मात्र जाड आहे. मेथीच्या पावडरची पुडी छान झाली.

५ मार्च
मेथी पावडर, अनशापोटी, एक चमचा. यूट्यूबवर एक बाई सांगत होत्या, त्यांना चार लाख लोक बघतात. चार लाख लोक मूर्ख नसतात. पुडी खिशातच ठेवतो.
भामा म्हणाली, तुमच्या घामाला लोणच्याचा वास येतो. हेवा.
तिच्याबद्दल एक नोंद. हल्ली मासळी साफ करायला खाली बसत नाही, खुर्ची घेते. आळस. वर बसल्या बसल्या पाय वर-खाली करते आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजते. पाय हलवत बसू नये, घराला चांगलं नसतं, असं सांगितलं. ऐकलं नाही. पत्रिका मोजत असावी.

९ मार्च, रविवार
रुईची पानं तव्यावर गरम करून, तेल लावून, गुडघ्याला बांधली. रात्रभर. सकाळी पुरळ. म्हणजे आतलं बाहेर पडतंय.
कमळाकरने फॅमिली ग्रुपवर कर्नाळा किल्ल्यावरचा फोटो टाकला. सेहेचाळीस जणांनी अंगठा दिला. मीही दिला, रीत म्हणून. नंतर काढून घेतला. त्याने बघितलं होतं.

१४ मार्च
गादीखाली अंगाचा साबण, पँटच्या खिशात कच्चा बटाटा. साबणाने रात्रीचं दुखणं ओढलं जातं, बटाट्याने दिवसाचं. विज्ञान आहे, मला नीट समजलं नाही एवढंच.
उरणहून व्याही आले होते, जेवणाचं ठरवायला. केटरर मेनू वाचत असताना मी उठलो आणि बटाटा खिशातून निसटून व्याह्यांच्या पायाशी गेला. मी म्हणालो, सॅम्पल आणलंय. व्याह्यांनी बटाटा उचलून बघितला आणि म्हणाले, मोड आलेत. जावई निकेश खाली मान घालून बसला होता. मुलगा गंभीर आहे.

२२ मार्च
शिरढोणला कमळाकरकडे अचानक गेलो. पत्रिकेचं निमित्त. तो घरी नव्हता, सुनीता चहा करायला आत गेली. कपाटाच्या वर, मागे, निळी बाटली! लेबल खरवडलेलं. कोणी लेबल उगाच खरवडत नाही. रुमालावर भरपूर ओतून घेतलं, बाथरूममध्ये जाऊन चोळलं.
येताना रिक्षाच्या स्टँडपर्यंत अक्षरशः चालत आलो. साठ टक्के फरक.

२३ मार्च
सुनीताचा भामाला फोन. शिलाई मशीनचं तेल कोणी संपवलं, असं विचारत होती.
फरक पडला होता. कळल्यावर गेला. मन फार वाईट.

३० मार्च, पाडवा
गव्हाणला आईकडे. आई ब्याऐंशीची, अजून उंबऱ्यात उकिडवी बसते. विचारलं, तुझे गुडघे असे कसे? म्हणाली, आमी मिठागरात चिखलान उभं राह्यचो ना दिवसभर, गुडग्यापर्यंत.
झालं! मीठ आणि चिखल. आपल्या रक्तातलाच उपाय, आणि मी बटाटे घेऊन फिरतोय. आई पुढेही काहीतरी म्हणत होती, गुडगं दुकायचंच रं, पन सांगनार कोनाला, वगैरे. वय झालंय, विषय भरकटतो.
कमळाकरच्या घराण्यात मिठागर नाही. इथे तो माझ्यापुढे जाऊच शकत नाही.

६ एप्रिल, रविवार. दुपारी ४
सविस्तर लिहायची इच्छा नाही. थोडक्यात.
सकाळी एकटाच गव्हाणच्या खाडीवर. ओहोटी. बंद पडलेल्या मिठागराच्या कडेला, चिखलात गुडघाभर उभा राहिलो. थंडगार. वीस मिनिटं स्वर्ग. चाळीस मिनिटांनी पाय काढायला गेलो, तर पाय येईना. एक काढायला दुसऱ्यावर जोर दिला की दुसरा आणखी खाली. मग भरती लागली. पाणी मांडीला आलं तेव्हा खिशातून फोन काढला आणि भामाला सांगितलं की विशेष काही नाही, पण कोणालातरी पाठव.
तिने कमळाकरला पाठवलं. गावात तीन पुतणे असताना. तो पत्रिका वाटायला गव्हाणातच होता. फळी टाकली, स्वतः चिखलात उतरला, मला काखेत धरून उपटलं आणि टुणटुण बाहेर आला. माझी एक चप्पल अजून तिथेच आहे.
म्हणाला, कोणाला सांगत नाही, काळजी करू नको. दुपार उलटली, खरंच कोणाला सांगितलेलं नाही. एवढा चांगुलपणा दाखवायची काय गरज होती? चारचौघांत हसला असता तर मला त्याचा नीट राग तरी आला असता.

८ एप्रिल
गुडघा नारळाएवढा. डॉक्टर म्हणाले तीन आठवडे आराम, नाचबिच विसरा. बाहेरगावचे आहेत, हळद म्हणजे काय ते त्यांना कुठून कळणार.
मनस्वी येऊन उशाशी बसली. पप्पा, नाही नाचलात तरी चालेल, म्हणाली. मी म्हणालो, नाचणार. ती बरं म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिला शंका आहे, हे मला लागलं.

१९ एप्रिल
फ्रिज धरून तीन स्टेप केल्या. चौथीला फ्रिज सरकला. मोठं पातेलं सांडलं, त्यात उद्याची कढी होती. प्रगती आहे.

२७ एप्रिल, रविवार. सकाळी ६
आज लग्न. काल हळद झाली.
मला मांडवात पुढे प्लास्टिकची खुर्ची दिली होती, पायाखाली दुसरी. बेंजो सुरू झाला. पिवळीजर्द मनस्वी सरळ माझ्याकडे आली आणि दोन्ही हात पुढे केले. उठलो. एक पाऊल टाकलं. खरंच टाकलं. मग गुडघ्यात अशी कळ आली की तिच्याच खांद्याला धरून परत बसलो. ती हसत होती, पण तिचे डोळे भरले होते. माझेही. हळद गेली असावी.
आता कमळाकर पुढे होणार, हे मी ओळखलं आणि जळलो. ॲसिडिटी नाही. जळलो.
कमळाकर जागचा हलला नाही. मनस्वीने भामाला ओढलं.
भामा नाचली. पदर खोचून, अख्खं गाणं. मध्ये कमरेत वाकून पार जमिनीपर्यंत खाली बसली आणि हात न टेकता वर आली. मांडवाने शिट्ट्या मारल्या. मी म्हणालो, हिला हे कधीपासून येतं?
बाजूला सुनीता होती. म्हणाली, दोन वर्सां तिचं गुडगं तुमच्यापरीस वायट व्हतं. तुमी ड्यूटीवर गेलाव का ती जिना उलटी उतरायची, कठडा धरून. तुमाला नाय म्हाईत?
कमळाकर म्हणाला, व्यायामाच्या त्या डॉक्टरीणबाई भामानेच शोधल्या. कागद तिचाच, अक्षर तिचं. मला तिनेच शिकवलं, दिवाळीनंतर. तुला माझ्या हातून द्यायला सांगितलं. म्हणाली, दाजी, माजं ते आयकनार नाय, तुमच्यावर जळून तरी करतील.
मी कानामागे हात धरून ऐकू आलं नाही असं दाखवलं. बेंजोचा आवाज फार होता.

२९ एप्रिल. सकाळी ९
मनस्वी उरणला गेली. घर मोठं झाल्यासारखं वाटतं.
खिशातून पुडी काढली. उरलेली मेथी बेसिनमध्ये टाकली, कागद उलगडला. भामाचंच अक्षर. पत्रिकांवरची नावं याच अक्षरात होती, पन्नास दिवस माझ्यासमोर. पहिले तीन व्यायाम वाचता येतात. चौथा मेथीने पिवळा पडून गेलाय. कमळाकरला फोन करायला घेतला. ठेवला.
भामाला विचारलं. चौथा तिला पाठ आहे. म्हणाली, आदी पयला करा. आनि खुर्ची तुमीच आना.
आणली. ती समोर बसली आणि मोजायला लागली. सहा कसेबसे झाले. सातव्याला पाय थरथरला, तिने टाचेखाली हात धरला. मी विचारलं, दोन वर्षं दुखत होतं, तर बोलली का नाहीस?
म्हणाली, तुमचंच चालू व्हतं ना.
मग म्हणाली, आठ.