गोचिडाचं उरलेलं तोंड

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (वाकणं अजून जमतं. बसणं जमत नाही. त्याची हकिगत खाली येतेच आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? दवाखान्यातल्या रात्रपाळ्या सुटल्या का? भाऊजींचा खोकला गेला असेलच. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर गेले सहा दिवस मी धास्तावलेला आहे. फोन केला असता, पण तो स्वयंपाकघराच्या दाराशी आहे आणि दारात तुझी भावजय.

माझं काम तुला ठाऊकच आहे: शिकाऱ्यांनी आणलेले रानससे, तितर, लावे तपासायचे, सशाच्या कानांवरून बारीक फणी फिरवायची, निघालेले गोचीड चिमट्यानं उचलून स्पिरिटच्या नळीत टाकायचे. (माझ्या लग्नाच्या वेळी तू मुलीकडच्यांना "संशोधनात आहे" एवढंच सांगितलंस, ते उपकार अजून फिटलेले नाहीत.) गोचिडाचा स्वभाव असा, की ससा मेला आणि गार पडायला लागला की ही मंडळी बिऱ्हाड आवरून दुसरं ऊबदार अंग शोधायला निघतात. म्हणून ससा हातात आल्याबरोबर पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं. हा नियम मीच केलाय. गेल्या मंगळवारी पिशव्या संपल्या होत्या. मी ससा माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळला, मांडीवर घेतला आणि जीपमधून तासभर लेकरासारखा सांभाळत कचेरीत आणला.

घरी अंघोळ करताना हाताला काहीतरी लागलं. जागा लिहायची लाज वाटते, पण तू मला लहानपणी न्हाऊमाखू घातलंयस, तेव्हा समजून घे. कचेरीच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात पत्रक आहे: गोचीड चिकटल्यास काडी, रॉकेल, तेल असले प्रयोग करू नयेत, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढावं. पन्नास शिकाऱ्यांना हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलंय. आणि स्वतः काय केलं? न्हाणीचं दार लावलं, पाठीमागे आरसा टेकवला आणि काडी पेटवली. आरशात बघून हात डावीकडे न्यायला जावं तर तो भलतीकडेच पळतो. पहिली काडी मला लागली, दुसरीही मलाच लागली (बाहेरून ही: "अहो, आत काय जळतंय?"), तिसरी पेटवायचा धीर होईना म्हणून मी त्याला नखांनी उपटला. धड हातात आलं, तोंड आतच राहिलं.

तेव्हापासून मी उभा आहे. उभ्यानं काम करतो म्हणून साहेबांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं, आणि शेजारच्या कारकुनानं माझ्याशी बोलणं टाकलं. हसू नकोस. गेल्या वर्षी आमच्या जीपचा ड्रायव्हर गोचीड चावून आलेल्या तापानं दीड महिना अंथरुणाला खिळला होता. ताप चावल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसांत येतो. लगेच औषध सुरू झालं तर निभावतं, अंगावर काढला तर माणूस हाताला लागत नाही. आज सहावा दिवस. दिवसातून पाच वेळा न्हाणीत जाऊन थर्मामीटर लावतो. पारा अजून अठ्ठ्याण्णवच्या पुढे गेलेला नाही, पण खात्री पटत नाही म्हणून प्रत्येक वेळी दोनदा वाचतो. ताई, मला खरंच भीती वाटते. हिला काही बोललेलो नाही. ती बिचारी दोन दिवस आधीच गप्प गप्प आहे, तिच्या जिवाला आणखी घोर कशाला?

भाऊजींना नमस्कार सांग, बाकी यातलं एक अक्षर सांगू नकोस.

तुझा,
उभा असलेला भाऊ

ता. क. मुद्दा राहिलाच. रविवारी काहीतरी निमित्त काढून ये आणि तुझा बारीक चिमटा घेऊन ये. इथल्या डॉक्टरांकडे जाता येत नाही. त्यांच्या दवाखान्यात माझंच पत्रक लावलंय.

ता. क. दुसरा, माझ्या हातचा. ताई, नमस्कार. पाकिटावर पत्ता घालायचा म्हणून यांनी माझी वही शोधली, ती सापडली नाही, तेव्हा पत्र तसंच टाकून कामावर गेले. तो स्वेटर मी धुतला. त्यातला एक गोचीड मलाही चावला होता, दंडाला. पत्रकात लिहिलंय तसा सरळ काढला, नळीत घालून वर तारीख घातली. यांना सांगितलं नाही. यांनी स्वतःला बोल लावत जेवण सोडलं असतं. काल हे न्हाणीतून बाहेर आले की मी आत जाऊन तोच थर्मामीटर लावत होते. आज सकाळी एकशे दोन आहे. मी आत्ताच डॉक्टरांकडे निघालेय, माझी काळजी नको. शेजारचे मोटारीनं तुमच्याकडेच येतायत, त्यांच्या हाती हे पत्र देते. त्यांच्याबरोबरच परत या, रविवारपर्यंत थांबू नका. यांना कळल्यावर सांभाळायला कुणीतरी हवं.