मागच्या फाटकातल्या गाड्या

प्रिय ताई,

परवा माझ्या गाडीच्या ताडपत्रीचा दोर अर्धा सुटला होता आणि तो हातात तसाच धरून मी शेजारच्या गाडीकडे बघत राहिलो. मागचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. हद्दीपलीकडच्या कचरा डेपोवरची रांग तुला आठवत असेल. एक गाडी अडली की सगळ्यांच्या तोंडाचा पट्टा सुटतो. तिथल्या मुकादमाला आम्ही त्याच्या शिट्टीमुळे हवालदार म्हणतो. तो ओरडला, "काय शेठ, सोयरीक जमवताय का त्या गाडीशी?" सगळे हसले. मीही हसलो. त्या गाडीवर नाव नव्हतं, पाटी नव्हती. ताडपत्री नवी, करड्या रंगाची. आणि तिच्या कडेला ओळीनं बाबांची गाठ.

ती गाठ बाबांनी स्वतः बसवलेली. गाडी कितीही आदळली तरी सुटायची नाही, आणि दोराच्या मोकळ्या शेपटीला हिसडा दिला की क्षणात मोकळी. आपल्या ड्रायव्हरांनाही ती त्यांनी कधी शिकवली नाही. वाटेत कुणी गाडी उघडून पुन्हा बांधली तर परक्या हाताची गाठ लगेच ओळखू यावी, म्हणून. घरातल्या दोघांनाच शिकवली, तुला आणि मला, अंगणात, पाण्याच्या पिंपाला दोर बांधून. तू डावखुरी. तुझी शेपटी उलट्या बाजूला जायची. आई म्हणायची, हिला सरळ हातानं शिकवा. बाबा म्हणाले, राहू दे, बांधली कुणी तेही कळेल.

बाबांच्या गाठीची शेपटी पुढे, ड्रायव्हरकडे असते. माझीही. त्या करड्या ताडपत्रीवर सगळ्या शेपट्या मागच्या बाजूला होत्या.

इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा दुखतो, पण जिना चढायचं सोडत नाही. बाबांची जुनी गाडी अजून चालते. गिअर टाकताना तशीच खाकरते, आणि आई खिडकीतून म्हणते, आले बघ. अंगण मी आता सिमेंटचं करून घेतलं. तुझ्या लेकीनं पाठवलेलं चित्र आईनं कपाटाला चिकटवलंय. चित्रातल्या गाडीला तिनं सहा चाकं काढली आहेत. आपल्या घरातली पोर, चाकं कमी कशी काढेल.

तू मागच्या वेळी जेवायला आली होतीस तेव्हा मी तुला विचारलं होतं की नगरपालिकेचा हा नियम टिकेल का. शहरातला सगळा कचरा नव्या प्रक्रिया केंद्रातच न्यायचा, दुसरीकडे नेला तर परवाना रद्द. तू नगरपालिकेची वकील, आणि मी नियमाविरुद्ध कोर्टात गेलेल्या गाडीवाल्यांपैकी एक. आई म्हणाली, जेवताना भांडू नका. आपण भांडलो नाही. तू भात कालवत मला इतकं सोपं करून सांगितलंस की आमच्या वकिलालाही तसं जमलं नाही. नगरपालिका स्वतःच्या केंद्रात कचरा आणा म्हणू शकते, कारण ते सगळ्यांचं आहे. पण एखाद्या खाजगी माणसाच्या दारात आणा असं ती म्हणू शकत नाही. त्याच्या फायद्यासाठी हद्दीवर कचरा अडवूनही धरता येत नाही. कायदा तिथे थांबतो. म्हणजे प्रश्न एकच, केंद्र कुणाचं. मी विचारलं, कुणाचं? तू म्हणालीस, "नगरपालिकेचं. पाटी वाच की." भावोजी म्हणाले, "मला बुवा यातलं काही कळत नाही, मी आपला यंत्रांचे सुटे भाग विकणारा," आणि त्यांनी आईकडे ताक मागितलं.

पाटी मी वाचली होती. कोर्टानं गेल्या आठवड्यात नियमाला स्थगिती दिली, त्याआधी मलाही तिथेच कचरा टाकावा लागत होता. एकदा दाताच्या डॉक्टरची मोडकी खुर्ची नेली होती. निळी, एक हात तुटलेला. मी आणि ड्रायव्हरनं ती केंद्रात उतरवली तेव्हा तिथला माणूस गंभीरपणे म्हणाला, प्रक्रिया होईल. परवा त्या बिननावाच्या गाडीनं माल ओतला तेव्हा सगळ्यात वर तीच खुर्ची होती. हात तसाच तुटलेला. कसली प्रक्रिया झाली ते मला तरी दिसलं नाही. पण मग कळलं की केंद्रातला कचरा मागच्या फाटकानं निघतो आणि जिथे आम्ही नेऊ नये म्हणून तुम्ही कोर्टात भांडताय, त्याच डेपोवर येऊन पडतो.

मी त्या ड्रायव्हरला तंबाखू दिली. म्हटलं, गाड्या नगरपालिकेच्या का? तो म्हणाला, "छे, मालकांच्या. केंद्रच मालकांचं आहे. पाटी नुसती लावलीय." मालक कोण, ते त्याला सांगता येईना, का सांगायचं नव्हतं कुणास ठाऊक. म्हटलं, गाठ छान आहे. तो खुलला. म्हणाला, "मालक रोज सकाळी स्वतः येऊन बांधतात. आम्हाला फक्त सोडायला शिकवलंय. लई संशयी माणूस."

ताई, घरी येईपर्यंत मला तुझंच तोंड डोळ्यांसमोर दिसत होतं. तू पहाटे उठून, साडीचा पदर खोचून, गाड्यांच्या कडेनं गाठी मारत चालली आहेस. मग मला माझंच हसू आलं. ड्रायव्हर 'मालक' म्हणाला होता, मालकीण नव्हे.

आणि मग मला तुमचं नवं घर आठवलं. तुम्ही राहायला गेलात त्या दिवशी भावोजींनी गाडीच्या टपावर कपाट बांधलं होतं. मी खाली उभा राहून दोर देत होतो. उजव्या हातानं काम करणारा माणूस, आणि बांधतोय डावखुऱ्यासारखा. मी चिडवलं, "भावोजी, बायकोनं पुरतं उलटं करून टाकलंय तुम्हाला." ते म्हणाले, "गुरू जसा, तसा चेला." तुझ्याकडून शिकलेला माणूस तुझ्यासारखीच बांधणार. तू आत भांडी लावत होतीस. तू ते ऐकलंस की नाही, मला माहीत नाही. तुझ्याबद्दल मला काय काय माहीत नाही, याचाच हिशोब मी परवापासून करतोय.

माझ्या बायकोला वाटतं मी बाबांवर गेलोय. ती म्हणते, तुमच्या घरात चहात साखर जास्त पडली तरी कुणी टाकली ते शोधतात. ती म्हणते, नवरा धंदा करतो तो बायकोला कुठे सांगतो. असेल. तिला मी सगळं सांगतो, म्हणून तिला तसं म्हणता येतं.

उद्या अकराला सुनावणी आहे. तू उभी राहशील आणि केंद्र नगरपालिकेचं आहे असं कोर्टाला सांगशील. आमच्या वकिलाला मी अजून काही बोललेलो नाही. बोललो तर केस आम्ही जिंकू, आणि तुला पुन्हा कुठल्याही कोर्टात तोंड वर करून उभं राहता येणार नाही. बाबांनी तुला वकिलीपर्यंत शिकवलं ते या डेपोच्या वासात उभं राहून. आणि नाही बोललो तर माझी गाडी जाईल, बाकीच्या गाडीवाल्यांचीही. त्यांची कुणाची बहीण नाही समोरच्या वकिलाच्या खुर्चीत बसलेली.

म्हणून आज दुपारी तुला फोन केला. आईच्या गुडघ्याचं बोलून झाल्यावर मी विचारलं, बाबांची गाठ आठवते का ग तुला? हल्ली एका परक्या गाडीवर दिसली. तू म्हणालीस, "नाही रे, विसरले." आणि फोन ठेवायची घाई केलीस. ताई, ती गाठ विसरता येत नाही. माझी बायको सोडली तर मी जगात हे फक्त तुला सांगितलंय, आणि आज सकाळपर्यंत गाठी तशाच होत्या. उद्या सकाळी मी केंद्राच्या मागच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर बसेन. गाठी तशाच असतील तर तू हे कुणाला बोलली नाहीस; मग हे पत्र मी फाडून टाकीन, तुझ्या घरी येईन आणि भावोजींचं तुला स्वतः सांगेन. गाठी बदललेल्या असतील तर पत्र सुनावणीआधी तुझ्या हातात पडेल. तू सहज त्यांच्यापाशी बोललीस असंही असू शकेल. पण तू सहज बोललीस आणि त्यांनी सहज गाठी बदलल्या, यातला दुसरा सहज मला पचणार नाही. पत्र मिळालं तर एवढंच समज, की ही केस सोडायला तुझ्याकडे अकरा वाजेपर्यंतचा वेळ आहे. त्यानंतर मी आमच्या वकिलाशी बोलेन.

तुझाच,
धाकटा

ता. क. सकाळ. मागच्या फाटकातून चार गाड्या बाहेर पडल्या. सगळ्या ताडपत्र्यांना रबरी पट्टे लावले होते, नवे, दुकानातले. पत्र तुझ्या ऑफिसातल्या शिपायाकडे दिलं. तू अजून आली नव्हतीस.