परक्या बांधावरचा घास

५ सप्टेंबर
पोचलो एकदाचा! इटलीतलं हे गाव डोंगराच्या माथ्यावर असं चढून बसलंय, की खाली उतरायची त्याची इच्छाच दिसत नाही. वेशीची कमान रोमन लोकांच्याही आधीची, बुरूज मध्ययुगातले, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की आमच्याकडच्या माळेगाव कारखान्याचा उसाचा ट्रॅक्टर पहिल्याच वळणाला अडकेल. इथल्या मळ्यात द्राक्षं काढायची, छाटणी शिकायची आणि सांगवीला परतायचं. आई घरी एकटी आहे. दिवाळीच्या आत येतो, असं तिला कबूल केलंय.

८ सप्टेंबर
मळ्याच्या कडेला खडकात कोरलेली प्राचीन थडगी आहेत. अगदी घरासारखी, आत दगडी ओटेसुद्धा. दुपारी तिथं सावलीला जेवायला बसलो आणि पहिला घास बांधावर ठेवला. आईची शिस्त. भुकेलं कुणी असलं तर खातं आणि आपल्या वाटेला लागतं, म्हणते. बाकीचे मजूर हसले. हसेनात का बापडे.

१३ सप्टेंबर
रोज ठेवलेला घास रोज नाहीसा होतो. कुत्रंबित्रं असेल. माझी भाषा इथं कुणालाच येत नाही, म्हणून थडग्याच्या तोंडाशी बसून एकटाच बडबडतो. सांगवी, आमची बाग, आईच्या हातची भाकरी. आतून कुणीतरी ऐकतंय असं वाटतं. खरं सांगतो, बरं वाटतं.

१७ सप्टेंबर
घरमालकीण म्हातारीनं आज मला घास ठेवताना पाहिलं आणि दंडाला धरून ओढलं. मोबाइलवरच्या भाषांतरातून एवढं कळलं: या मेलेल्यांना वाढणारं कुणी उरलेलं नाही. एकदा वाढलं की ते पंगतीला बसतात, उठत नाहीत. भीती वाटली. घास ठेवणं बंद.

२० सप्टेंबर
आईचा फोन. माझ्या ओळखीचा कुणी पाव्हणा रोज दुपारी ओट्यावर येऊन बसतो म्हणे. माझं नाव तेवढं घेतो, बाकी काही बोलत नाही. "लई भुकेला हाय रं." एकटीला जेवण जात नव्हतं, आता जातं, म्हणाली. मी ओरडलो, दार लाव, त्याला वाढू नकोस.
"दारात आलेल्याला उपाशी धाडायचं व्हय?"

२१ सप्टेंबर
उद्याचं तिकीट मिळालं. आई फोन उचलत नाही.

२२ सप्टेंबर
शेजारच्या पुतळाबाईंचा फोन. घर सताड उघडं. दोन ताटं, दोन्ही जेवलेली. आई कुठंच — विहीरही पाहिली —

दुपार
बॅग घेऊन निघालो. वाट थडग्यांवरूनच जाते. आत बघायचं नव्हतं —

आईचा आवाज. आतून.
"अवी, किती वाळलास रं. ये, पान वाढलंय."
पळायला हवं. पण किती दिवसांनी मला कुणी जेवायला —